फ्लॅट ०१८ ला मीटर १ चं बिल: आकड्यापुढच्या शून्याने घातलेला घोळ

विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगा पाडून जे टॉवर उभे राहिलेत त्यातल्या एका सोसायटीचं हे प्रकरण आहे. २४ मजले, मजल्यावर ४ फ्लॅट म्हणजे ९६ फ्लॅट, आणि खाली रस्त्याला लागून ६ गाळे. पाणी महापालिकेचं, ते एकाच मोठ्या मीटरमधून आत येतं, पण सोसायटीने ठराव करून प्रत्येक फ्लॅटला वेगळा पाण्याचा मीटर लावलाय. (नवीन बिल्डिंग म्हणून हे जमलं, फ्लॅटला एकच इनलेट आहे. जुन्या बिल्डिंगमध्ये किचनची लाईन वेगळी, बाथरूमची वेगळी, संडासची वेगळी, तिथे हा प्रकार करायला गेलात तर घरटी तीन मीटर लागतील.)

हे सगळे मीटर आरएस-४८५ च्या (डिव्हाइसनी वायरवरून एकमेकांशी बोलायचं एक स्टँडर्ड) दोन वायरवर माळेसारखे जोडलेत, मूळ स्टँडर्डप्रमाणे एका तुकड्यावर ३२ च्या वर डिव्हाइस टाकायचे नाहीत म्हणून मध्ये रिपीटर आहेत, आणि खाली पंपरूममध्ये एक छोटा एआरएम बोर्ड (म्हणजे लहानसा कॉम्प्युटरच) बसवलाय जो दर तासाला एकेका मीटरला हाक मारतो आणि रीडिंग घेतो. भाषा मॉडबस. १९७९ ची भाषा आहे, मोडिकॉन कंपनीने काढलेली, पण अजून अर्ध्या फॅक्टऱ्या आणि बिल्डिंगा तिच्यावरच चालतात. प्रत्येक मीटरला एक पत्ता, तो एका बाइटचा, चालणारे पत्ते १ ते २४७. २४८ ते २५५ राखीव. आणि शून्य म्हणजे ब्रॉडकास्ट, सगळ्यांना एकदम सांगायचं असेल तर, आणि ब्रॉडकास्टला कोणीही उत्तर द्यायचं नाही असा नियम आहे. हे शून्याचं लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

बोर्डावरचा प्रोग्राम सी मध्ये, कॉन्ट्रॅक्टरकडच्या एका मुलाने लिहिलेला, तो मुलगा कधीच सोडून गेलाय. प्रोग्राम एक सीएसव्ही फाईल वाचतो, तिच्यात तीन कॉलम: फ्लॅट नंबर, रजिस्टरचा पत्ता (मीटरच्या आतल्या ज्या कप्प्यात रीडिंग असतं त्याचा), मीटरचा पत्ता. दोन वर्षं सगळं व्यवस्थित चाललं होतं.

मग एका महिन्यात बिलं वेडीवाकडी आली. कोणाला २४३ घनमीटर म्हणजे २ लाख ४३ हजार लिटर पाणी, कोणाचा वापर चक्क उणे (बिलाच्या शीटमध्ये उणे आलं की शून्य धरा असा फॉर्म्युला होता, त्यामुळे ते झाकलं गेलं). कमिटीने ठरवलं मीटरचा काहीतरी लोचा झालाय, या महिन्यापुरतं सगळ्यांना मागची सरासरी लावा. मुंबईत सोसायटी चालवायची तर असंच चालवावं लागतं, ९६ घरांशी भांडत कोण बसणार.

पुढच्या महिन्यात गंमत अशी की बिलं परत बरोबर वाटायला लागली! १४ घनमीटर, १९ घनमीटर, ११ घनमीटर, माणसाच्या घरात जेवढं लागतं तेवढंच. मला या प्रकरणातली सगळ्यात धोकादायक गोष्ट हीच वाटते. मीटर चुकीचाच वाचला जात होता, पण आता मागचं रीडिंगही त्याच चुकीच्या मीटरचं होतं, त्यामुळे वजाबाकी केली की दुसऱ्या कोणाचा तरी खराखुरा वापर निघायचा, आणि तो दिसायला अगदी शहाणा आकडा असायचा. वरच्या काही मजल्यांना नुसताच फिक्स चार्ज लागला, वापर शून्य, पण बिल कमी आलं म्हणून तक्रार करणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

उघडकीला आलं ते पाचव्या मजल्यावरच्या १९ नंबरमुळे. तो फ्लॅट बंद. मालक मस्कतला, जाताना मेन कॉक बंद करून किल्ली खजिनदारांकडे देऊन गेलेले. आणि बिल आलं १६ घनमीटरचं. खजिनदार काका निवृत्त बँकवाले, त्यांनी पूर्ण शीट समोर घेतली आणि बोट ठेवून बघत गेले, तर १, १८ आणि १९ या तीन फ्लॅटची रीडिंग शेवटच्या लिटरपर्यंत सारखी. मग त्यांना तशीच आणखी त्रिकुटं सापडली. २, २८, २९. ३, ३८, ३९. तेव्हा त्यांनी मला फोन केला. मी अशा छोट्या बोर्डांवरचेच प्रोग्राम लिहितो, आणि काका आमच्या वडिलांच्या ओळखीचे.

मी जायच्या आधी इलेक्ट्रिशियन येऊन गेला होता. त्याचं म्हणणं साधं होतं, वरचे मजले बोलत नाहीत म्हणजे केबल लांब पडतेय, शेवटचा १२० ओहमचा रेझिस्टर बघू, एखादा रिपीटर बदलू. चुकीचं नाही हं हे, २१ ते २४ मजल्यांवरचे सोळाच्या सोळा आणि विसाव्यावरचा ८० नंबर गप्प असतील तर कोणीही आधी केबलच बघेल. पण काकांच्या शीटमध्ये आणखी दोन गप्प फ्लॅट होते, ८ आणि ९. दुसरा मजला आणि तिसरा मजला, पंपरूमपासून हाकेच्या अंतरावर. लांब केबलचा दोष असता तर २० व्या मजल्यावरचा ७९ बोलतो आणि दुसऱ्यावरचा ८ गप्प हे कसं काय? आणि रीडिंग तिघांना सारखं येणं हे तर कुठलीच केबल करू शकत नाही.

८ आणि ९ एकत्र बिघडलेले दिसले की प्रोग्रामिंग करणाऱ्या माणसाच्या डोक्यात एकच घंटा वाजते, आठाच्या पायावरची मोजणी, जिच्यात ८ आणि ९ हे अंकच नसतात. ऑक्टल.

फाईल उघडली. मीटरचे पत्ते असे: ००१, ००२, ००३ ... ०९६. (इथे मी देवनागरी आकडे लिहितोय, फाईलमध्ये इंग्रजी होते.) दोन वर्षं जी फाईल होती तिच्यात नुसते १, २, ३ होते. मधे ऑफिसात नवीन मॅनेजर आला, त्याने कॉलम टेक्स्ट केला आणि सॉर्ट केलं तर १, १०, ११, १२ ... मग १९, मग २, असा क्रम यायला लागला, म्हणून त्याने शहाण्या माणसासारखं सगळ्यांपुढे शून्यं लावून तीन आकडी करून टाकलं आणि तीच फाईल बोर्डावर चढवली. त्याचं काय चुकलं? कागदावर ०१८ आणि १८ मध्ये जगात कोणीच फरक करत नाही.

सी करते. प्रोग्राममध्ये अक्षरांचा आकडा करायला स्ट्रटोल हे फंक्शन वापरलं होतं. त्याला तीन गोष्टी द्यायच्या असतात: मजकूर, वाचन कुठे थांबलं ते सांगणारा पॉइंटर, आणि बेस, म्हणजे मोजणी कितीच्या पायावर (दशमानचा बेस १०, ऑक्टलचा ८, हेक्सचा १६). बेस २ ते ३६ मधला कुठलाही चालतो (१० अंक आणि २६ अक्षरं, म्हणून ३६). पण बेसच्या जागी ० दिला तर त्याचा अर्थ होतो "तूच बघून ठरव". सुरुवातीला शून्य-एक्स दिसलं तर हेक्स, नुसतं शून्य दिसलं तर ऑक्टल, नाहीतर दशमान. त्या मुलाने शून्य का दिलं तेही कळलं, रजिस्टरचे पत्ते मीटरच्या मॅन्युअलमध्ये हेक्समध्ये दिलेत, ०एक्स००१० वगैरे, आणि त्याने एकच छोटं फंक्शन लिहून दोन्ही कॉलम त्याच्यातून काढले. एका कॉलमची गरज दुसऱ्या कॉलमच्या गळ्यात पडली.

आता ०१८ चं काय होतं ते सावकाश बघा. पहिलं शून्य दिसलं, ठरलं की ऑक्टल. पुढे १, चालतो. पुढे ८, ऑक्टलमध्ये अंक फक्त ० ते ७, म्हणून फंक्शन तिथेच थांबतं आणि तोवर जे जमलं ते परत देतं, म्हणजे १. एरर नाही, आरडाओरडा नाही. ०१९ चंही तेच, १. म्हणजे १८ आणि १९ नंबरच्या नावाने बोर्ड मीटर १ ला हाक मारत होता, आणि मीटर १ इमानदारीत उत्तर देत होता, उत्तरातला पत्ताही १, मागितलेला पत्ताही १, प्रोग्रामची तपासणी पास. ००८ मध्ये शून्यांनंतर लगेच ८, म्हणून उत्तर शून्य. ०८० पासून ०९६ पर्यंत सगळेच्या सगळे शून्य. आणि शून्य म्हणजे ब्रॉडकास्ट, कोणी उत्तर द्यायचंच नाही, म्हणून वरचे मजले गप्प. टाइमआउट झाला की प्रोग्राम जुनंच रीडिंग ठेवायचा, म्हणून वापर शून्य.

बाकीचे सरळ ऑक्टलमध्ये वाचले गेले. ०१० चा झाला ८, ०२० चा १६, ०७७ चा ६३. काकांनी वहीत पूर्ण हिशोब मांडला, त्यांना मजा यायला लागली होती: ९६ पैकी फक्त पहिले ७ फ्लॅट बरोबर, १९ गप्प, ७० जणांना दुसऱ्याचं बिल. आणि ६४ ते ९६ नंबरचे ३३ मीटर असे की त्यांना कोणी हाकच मारत नव्हतं, नुसतेच भिंतीवर फिरत होते.

सोबत असलेल्या काकांच्या भाच्याने (इंजिनिअरिंग तिसरं वर्ष) विचारलं, पण शून्याने ऑक्टल असला अघोरी नियम केला कोणी? करणाऱ्यांची बाजूही बघायला हवी. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा जन्म झाला त्या पीडीपी-७ मशीनचा वर्ड (मशीन एका वेळी हाताळतं तेवढा डेटा) १८ बिटचा होता, तीन तीन बिटचे गट पाडले की बरोबर सहा ऑक्टल अंक, त्या लोकांच्या डोळ्यांना ऑक्टलच सरावाचं होतं. सी च्या आधीच्या बी भाषेत पुढे शून्य लावलं की ऑक्टल ही खूण आली, तिथून ती सी मध्ये आली, आणि सी मधून जगभर. १९७८ च्या सी मध्ये तर ऑक्टल आकड्यात ८ आणि ९ सुद्धा चालायचे, ८ म्हणजे ऑक्टल १० आणि ९ म्हणजे ऑक्टल ११ असं धरून! आता ऑक्टलचा रोजचा उपयोग म्हणजे युनिक्समधली फाईलची परमिशन, ७५५ आणि ६४४, बस. त्या एका उपयोगासाठी बाकी सगळ्यांनी जन्मभर सांभाळून राहायचं.

बाकी भाषांनी आपापल्या परीने यातून अंग काढून घेतलंय. जावास्क्रिप्टमध्ये पार्सइंटला (आकडा वाचायचं फंक्शन) ०८ दिलं की पूर्वी बऱ्याच ब्राउझरमध्ये शून्य यायचं, महिन्यांच्या ड्रॉपडाउनमध्ये ऑगस्ट आणि सप्टेंबर बिघडायचे, २००९ च्या ईएस-५ या आवृत्तीने ते बंद केलं. पायथन ३ मध्ये बेस ० देऊन ०१० वाचायला सांगितलं तर तो ८ही देत नाही आणि १०ही देत नाही, सरळ एरर मारतो, मला हे सगळ्यात प्रामाणिक वाटतं. गो भाषेत बेस ० दिला तर अजूनही ०१० चे ८ होतात. जावामध्ये पार्सइंट दशमानच वाचतो पण डिकोड वापरलं की ऑक्टल परत हजर. बॅशमध्ये (लिनक्सवर कमांड लिहायची भाषा) ०८ ची बेरीज करायला जा, बेसपेक्षा आकडा मोठा झाला म्हणून तक्रार करेल, पण ०१० ला गुपचूप ८ धरेल. म्हणजे ज्याला बेस सांगितलाच नाही तो आपल्या मनाने ठरवणार, आणि प्रत्येकाचं मन वेगळं.

तर दुरुस्ती. भाच्याचा पहिला सल्ला होता, मीटरच्या पत्त्याच्या कॉलमपुरतं शून्याच्या जागी १० लिहा की काम झालं. लिहिलं, रीडिंग घेतलं, ९६ च्या ९६ फ्लॅट जागेवर आले. पण शीटमध्ये फ्लॅट ४५ आणि गाळा ३०१ यांचं रीडिंग सारखं. ४६ आणि ३०२ सारखं. असे सहा.

हा वेगळाच घोळ. गाळ्यांचे मीटर नवीन लागले होते, त्यांचे खरे पत्ते इलेक्ट्रिशियनने ९७ ते १०२ ठेवले होते, पण फाईल भरताना पत्त्याच्या कॉलममध्ये गाळ्याचा नंबरच टाकला गेला, ३०१ ते ३०६. स्ट्रटोल परत देतं लाँग, म्हणजे मोठा आकडा, ३०१ बरोबर वाचलं गेलं. पण तो ठेवला एका बाइटच्या डब्यात, बिनचिन्हाचा आठ बिटचा इंटीजर, ज्यात २५५ च्या वर काही मावत नाही. ३०१ मधून २५६ गेले, उरले ४५. सी मध्ये ही काटछाट कायदेशीर आहे, कंपायलरला वेगळं सांगून वॉर्निंग चालू करावी लागते, तोपर्यंत तो ब्र काढत नाही. आणि इथे नुसता char (अक्षर ठेवायचा एका बाइटचा टाइप) वापरला असता तर अजून मजा, साध्या पीसीवर तो चिन्हासकट म्हणजे -१२८ ते १२७, आणि लिनक्सच्या एआरएम बोर्डावर बिनचिन्हाचा, ० ते २५५. म्हणजे २०० हा पत्ता ऑफिसच्या लॅपटॉपवर -५६ आणि पंपरूममध्ये २००. टेस्ट केलं तेव्हा वेगळं आणि साइटवर वेगळं, यावर लोकांच्या नोकऱ्या गेल्यात.

छोट्या इंटीजरसाठी मोठ्यात वाचून मग कापायचं ही पद्धतच वाईट, कापायच्या आधी विचारायला हवं की मावतो का. रस्ट भाषेत यू-८ ला (बिनचिन्हाचा आठ बिटचा टाइप) सांगितलं की ३०० वाच, तर तो नाही म्हणतो. गो मध्ये पार्सयूइंटला आठ बिट सांगितले तर एरर देतो (आणि सोबत २५५ही देतो, त्यामुळे एरर न बघणाऱ्याचं तिथेही कल्याण आहे). जावामध्ये बाइट चिन्हासकट असतो, तिथे पार्सबाइटला बेस १६ देऊन ७एफ चालतं, १२७, पण एफएफ दिलं की एक्सेप्शन, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला बग वाटतो पण बरोबर आहे. सी++ वाल्यांसाठी २०१७ च्या आवृत्तीपासून फ्रॉम-चार्स हे फंक्शन आहे, ते थेट आठ बिटच्या टाइपमध्ये वाचतं, बसत नसेल तर सांगतं, आणि शून्य बघून बेस ओळखायच्या भानगडीत पडत नाही, दिलेला बेस म्हणजे बेस. मात्र सी++ मध्येच सी-इन ने (इनपुट वाचायची नेहमीची सोय) आठ बिटच्या इंटीजरमध्ये थेट वाचलं तर ७ या अक्षराचा आस्की कोड ५५ हातात येतो, कारण त्याला तो आकडा वाटतच नाही, अक्षर वाटतं.

आपल्याकडे साधं सी होतं म्हणून फंक्शन नव्याने लिहिलं. त्याला मजकुराबरोबर बेस, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती हे द्यावंच लागतं, आपोआप ठरवायची सोय ठेवलीच नाही. आत क्रम असा: आधी एररनो (सी मध्ये एररचा नंबर ज्यात नोंदला जातो तो) शून्य करायचा (ही पायरी लोक हमखास विसरतात, मग मागच्याच कुठल्यातरी कॉलची एरर दिसत राहते), मग स्ट्रटोल, मग बघायचं की पॉइंटर जागचा हलला तरी का, हलला नसेल तर एकही अंक मिळाला नाही. मग पॉइंटर मजकुराच्या शेवटाला पोचला का. ही एक ओळ त्या मुलाने लिहिली असती तर ०१८ पहिल्याच दिवशी फेटाळलं गेलं असतं, ०१० मात्र तरीही ८ म्हणून निसटला असता. मग रेंज, लाँगमध्ये असतानाच. आणि सगळ्यात शेवटी एका बाइटमध्ये टाकायचं. अटोई (आकडा वाचायचं सी मधलं दुसरं फंक्शन) वापरायचाच नाही, तो चुकीच्या मजकुरालाही शून्य देतो आणि खऱ्या शून्यालाही शून्य, आणि मावणार नाही एवढा आकडा आला तर काय होईल याची स्टँडर्ड जबाबदारीच घेत नाही.

हे चढवलं आणि १०२ च्या १०२ ओळी फेटाळल्या गेल्या. भाचा घाबरला. कारण फालतू होतं, फाईल विंडोजवर बनलेली, मीटरचा पत्ता शेवटचा कॉलम, आणि ओळीच्या शेवटी एक न दिसणारा कॅरेज रिटर्न बसलेला. स्ट्रटोल सुरुवातीच्या स्पेस गिळतं, शेवटच्या नाही. तो आधी छाटून टाकला.

दुसऱ्या फेरीत सात ओळी फेटाळल्या. सहा गाळे, अपेक्षितच, आणि फ्लॅट ७३. भाचा म्हणाला शक्य नाही, मी पायथनमध्ये पूर्ण फाईल तपासलीये, ७३ एकदम ओके. दोघांचंही खरं होतं. ती एक ओळ मॅनेजरने मधल्या काळात मोबाइलवरून मराठी कीबोर्डने दुरुस्त केली होती, तिच्यात आकडे देवनागरी होते. पायथनचा इंट देवनागरी ०७३ बिनतक्रार ७३ म्हणून वाचतो, त्याला युनिकोडमधले सगळे दशमान अंक चालतात. सी च्या स्ट्रटोलला तो निव्वळ अनोळखी बाइटांचा ढीग, पहिल्याच बाइटवर थांबतो. जुना प्रोग्राम इथेही शून्य धरून ब्रॉडकास्टच करत बसला असता. तपासणारा प्रोग्राम आणि चालवणारा प्रोग्राम यांच्या भाषा वेगळ्या असल्या की अशी फाईल एकाकडे पास होते आणि दुसऱ्याकडे नापास. भाच्याची स्क्रिप्ट काढून टाकली, बोर्डावरच्या प्रोग्राममध्येच "फक्त तपासा" असा एक पर्याय दिला, आता मॅनेजर फाईल चढवायच्या आधी तोच चालवतो.

रजिस्टरच्या कॉलमला सरळ बेस १६ दिला. इथे एक खाच आहे, बेस १६ मध्ये ०एक्स लावलं काय न लावलं काय दोन्ही चालतं, म्हणजे उद्या कोणी नुसतं १० लिहिलं तर ते १६ धरलं जाईल, आणि लिहिणाऱ्याच्या मनात दहा असेल. म्हणून त्या कॉलममध्ये ०एक्स नसेल तर ओळच घ्यायची नाही असं केलंय. जाच वाटतो, वाटू दे. एकाच पत्त्यावर दोन फ्लॅट आले तरी आता फाईल परत जाते, ही तपासणी खरं तर पहिल्या दिवसापासून हवी होती, बेस कुठलाही असता तरी तिने १, १८, १९ ला पकडलं असतं.

राहिला पैशांचा प्रश्न. मीटर चढत्या आकड्याचे असल्यामुळे खरं रीडिंग कुठेच हरवलं नव्हतं. आजचं रीडिंग घ्या, घोळाच्या आधीचं शेवटचं बरोबर रीडिंग वजा करा, मधल्या काळाचा एकूण वापर लिटरपर्यंत अचूक. फक्त तो कुठल्या महिन्यात किती झाला हे आता कळायला मार्ग नाही, आणि सोसायटीचे दर स्लॅबचे, जास्त वापराला जास्त दर, त्यामुळे महिन्यांची वाटणी कशी करायची यावर कमिटीत दोन तास गेले. शेवटी समान भाग करून स्लॅब लावला. वरच्या मजल्यांना एकदम मोठं बिल गेलं, त्यांनी हप्ते मागितले, दिले. मस्कतवाल्यांचे पैसे पुढच्या मेंटेनन्समध्ये वळते केले. गाळेवाल्यांची शीट अजून काकांकडे आहे, कारण ३०४ नंबरवाला म्हणतोय फ्लॅट ४८ चा वापर माझ्यापेक्षा कमी होता, मला तेच बिल ठेवा.